आज न्यूट्रल नको

गल्लीत त्याला सगळे बचतराव म्हणत. घर चढाच्या टोकाला, आणि पोटासाठी अंडी पोचवायची जुनी डिझेल व्हॅन. रोज सकाळी तो गाडी चालू करी, न्यूट्रलमध्ये टाकी आणि ब्रेकवर पाय ठेवून उताराला सोडून देई. चौकापर्यंत इंजीन तापतं, डिझेलही वाचतं, हा त्याचा हिशेब. बायको म्हणे, "यांचं चाललं तर श्वाससुद्धा एकाआड एक घेतील."

त्या सकाळी व्हॅनमध्ये अंडी नव्हती. बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता आणि एक टाका सैल वाटत होता. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, घेऊन या, पण हिसका बसू देऊ नका. उसवलं तर पुन्हा शिवावं लागेल.

मुलगी स्कूटरवर मागून येणार होती. आईच्या पाठीशी उशी सारत ती म्हणाली, "बाबा, आज काटकसर घरी ठेवा. गाडी गिअरमध्येच न्यायची."

"अगं, कळतं मला."

त्याने खरंच पहिला गिअर टाकला. थंड इंजीन आचके देऊ लागलं. प्रत्येक आचक्याला बायकोचा हात पोटाशी जाई.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "न्यूट्रल करा."

"पोरीला शब्द दिलाय."

"टाके पोरीचे आहेत का?"

त्याने क्लच दाबून गिअर काढला. थरथर ओसरली. गाडी सावकाश उतरू लागली. खड्डा कुठे चुकवायचा, ब्रेक कुठे नुसता टेकवायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. तिचा हात पोटावरून मांडीवर आला.

"अंडी अशीच नेता होय रोज?"

"हो. पण ती बोलत नाहीत एवढी."

ती हसायला गेली आणि कळवळली. "हसवू नका हो."

उतार संपला. गाडी मंदावत कडेला थांबली. इंजीन आता एका लयीत चालत होतं. मुलगी स्कूटर खिडकीशी आणून म्हणाली, "न्यूट्रल टाकलंत ना? मला आवाजावरून कळत नाही का?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. बायकोने डोळे मिटले होते. कपाळावरची आठी गेली होती. मुलगी बघत राहिली. मग तिने स्कूटर बंद केली.

"चला आता," बायको डोळे न उघडताच म्हणाली.

त्याने गिअर टाकला, हळूच क्लच सोडला आणि रस्त्याआधी तिच्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवरच होता.