विरघळून गेलेला आधार

देवीने माझ्यासाठी रिक्षा पाठवली आणि मला रुग्णालयात पोहोचवून ती रिक्षा चालकासह अदृश्य झाली, असे भाईंदर पश्चिमेच्या आमच्या भजनी मंडळात अजूनही सांगितले जाते. देवीवर माझा पूर्ण विश्वास आहे. या हकिगतीवर मुळीच नाही. तो चालक अदृश्य झालेला नाही. तो नवघरला राहतो आणि दर गणपतीत माझ्याकडे येऊन मोदक खातो. देवीच्या नावावर खोटे खपू नये, म्हणून खरे काय ते मीच लिहीत आहे.

नवरात्रातली सकाळ होती. सौ. आणि मी डोंगरीच्या टेकडीवरील देवीच्या दर्शनाला रिक्षाने निघालो होतो. छातीत काही दिवस ओढल्यासारखे होत होते. ते मी कोणाला सांगितले नव्हते. चढावर रिक्षा धापा टाकू लागली, तेव्हा मी चालकाला बोललो. तो मागे न बघता म्हणाला, "बाबा, रिक्षाला काय झालेलं न्हाय. धापा तुमीच टाकताय. पायऱ्या चढू नका."

"चढून दाखवतो आणि उतरूनही दाखवतो."

"दाखवा. मी हितंच हाय."

निम्म्या पायऱ्यांवर सौ.ने हात पुढे केला. "अहो, धरा." मी तो झटकला. आधार देणारा पुढे जन्मभर तो बोलून दाखवतो, म्हणून मी कधी कोणाचा आधार घेतलेला नव्हता. थोडे वर गेलो आणि छातीवर जाते ठेवावे तसे झाले. मी तिथेच बसलो, दर्शन राहिले. चालक खाली उभा होता, तो केवळ वाद जिंकण्यासाठी. मला बसलेला पाहताच तो धावत वर आला आणि मला पाठीवर घेऊन उतरला. ज्या भांडखोर स्वभावाला सौ. आयुष्यभर नावे ठेवत आली, त्याच स्वभावामुळे ती रिक्षा थांबलेली होती. कृपा मी इथे मानतो. देवीला नवी रिक्षा निर्माण करण्याचे कारणच नव्हते. तिने माझे भांडण वापरले.

त्याच रिक्षाने रुग्णालयात पोहोचलो, तर हृदयाची एक शीर जवळजवळ बंद झाली होती. ती उघडी ठेवायला आत धातूची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, बसवावी लागेल असे सांगण्यात आले. मी नकार दिला. माझ्या थोरल्या भावाच्या अस्थी वेचताना राखेत त्याच्या मांडीतली पट्टी आणि स्क्रू सापडले होते. ते कलशात घालावेत की नाही, यावर गुरुजींसकट सगळे अडले आणि शेवटी पुतण्याने ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. देह देवीने दिला तसाच परत करायचा, असे मी त्या दिवशी ठरवले होते.

सौ. खाटेशी बसून रडत होती. "राखेची काळजी आत्तापासून कशाला करताय? मला माणूस हवाय."

त्या दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनाही मी अस्थींची हकिगत ऐकवली. त्या म्हणाल्या, "काका, एक वेगळी जाळी आहे. अभ्यास म्हणून सध्या मोजक्याच रुग्णांना बसवतोय. शीर सावरेपर्यंत उघडी धरते, मग हळूहळू विरघळते. पण हिचा अनुभव अजून कमी आहे. खात्री देणार नाही."

"मागे काय उरतं?"

"फोटोत जागा कळावी म्हणून टोकांना धातूचे ठिपके असतात. मोहरीपेक्षा बारीक. ते राहतात."

मी त्या ठिपक्यांवरूनही वाद घातला. बाई म्हणाल्या, "ते वेचायला तुमच्या पुतण्याला भिंग लागेल." सौ. डोळे पुसता पुसता हसली. तिचे ते हसू पाहून मी हो म्हणालो.

मंडळाचे बुवा म्हणतात, जाळी विरघळली ती त्यांच्या अंगाऱ्याने. विरघळणे हा तिचा धर्मच होता, आणि अंगारा आला तेव्हा मी घरी वरणभात जेवत होतो. दोनेक वर्षांनी तपासणी झाली. जाळी उरली नव्हती आणि शीर स्वतःच्या बळावर उघडी होती. जिने मला धरून ठेवले, ती बोलून दाखवायला मागे थांबलीच नाही. असाही आधार असतो, हे मला उतारवयात कळले. ही रीत देवीखेरीज कोणाची असणार?

तपासणीनंतर आम्ही त्या राहिलेल्या दर्शनाला पुन्हा निघालो. चालक तोच. "बाबा, उतरून दाखवा," म्हणाला आणि रिक्षा सावलीत लावून बसला. पायऱ्यांपाशी सौ.ने हात पुढे केला. मी तो धरला आणि वरपर्यंत सोडला नाही. वारा सुटला होता, आरतीची घंटा वाजत होती आणि मला लहान मुलासारखे हसू येत होते.

देवीसमोर उभा राहिलो तेव्हा माझे दोन्ही हात जोडलेले होते. सौ.ने आपला हात कधी काढून घेतला, ते मला कळलेही नाही. तो हात देवीचाच होता, अशी कोणाची हकिगत असेल, तर ती मात्र मी वाद न घालता ऐकून घेईन.