सुपेल्याहून तिबिलिसीला, फक्त जेवायला

जॉर्जियाच्या सफरीला किती खर्च आला, असं लोक मला अजून विचारतात. खरा हिशेब सांगतो. तिकिटं, हॉटेल आणि फिरणं यांत एक जुनं वेल्डिंग मशीन गेलं आणि माझी स्कूटर गेली. सोबत नेलेली तिखटाची पुडी बॅगेत फुटली, त्यात नवा कोट गेला. आणि घरी आल्यावर काही दिवसांनी एक अख्खा पावसाळा मटण गेलं. मशीन पुन्हा घेतलं, स्कूटरही आली. पावसाळ्यातलं मटण मात्र कोणी परत आणून देत नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती आणि जॉर्जिया सोव्हिएत संघात. मी आणि बायको कुसुम कॅम्प-1 मध्ये राहायचो, आणि सुपेल्यात माझं ग्रिल, गेट, कपाटं बनवायचं दुकान होतं. शिक्षण थोडं, पोट मोठं. मूळचे आम्ही नागपूरकडचे, त्यामुळे तिखटाचं भय नाही. पंगतीत मी कोणाला हार गेलो नाही, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो.

भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये गिवी नावाचा एक जॉर्जियन इंजिनियर आला होता. त्याला मांस भाजायच्या सळ्या हव्या होत्या. आपल्यासारख्या गोल नाही, चपट्या, म्हणजे फिरवताना तुकडा जागच्या जागी गरगरत नाही. दोनदा त्याने माल परत केला, तिसऱ्यांदा सळीला मुका दिला, आणि आमची दोस्ती झाली. हिंदी तो सुपेल्याच्या बाजारात शिकला होता, त्यामुळे भाजीवाल्याशी भांडण्यापुरती ती पक्की होती.

एकदा त्याला घरी जेवायला बोलावलं. कुसुमचं मटण आणि ज्वारीची भाकर. तिसऱ्या भाकरीला गिवीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, चौथीला त्याने हात टेकले. मी सातवी मोडून राहिलो होतो. तेव्हा तो उठून उभा राहिला, ताकाचा ग्लास हातात घेतला आणि कुसुमच्या चुलीची अशी तारीफ केली की शेजारीपाजारी दारात जमले. मग त्याने समजावलं, त्यांच्या गावचा कायदाच आहे. खाण्यात जो हरेल त्याने भरल्या पेल्याने उभं राहायचं आणि जिंकणाऱ्याच्या घरच्या स्वयंपाकाचे गुण गायचे.

जाताना दारातून वळून म्हणाला, "भैया, अब तुम मेरे घर आओ. माँ खिंकाली बनाएगी. तुम हारेगा."

वर्षभरात त्याची इथली मुदत संपली, आणि त्याच्या मागोमाग आम्ही पर्यटकांच्या एका टोळीबरोबर निघालो. दुर्गहून दिल्लीची गाडी पकडली, दिल्लीहून विमान, मॉस्कोत एक मुक्काम, पुढे तिबिलिसी. गाडीत बसताच कुसुमने मला बजावलं, "खाऊन तुमी राहिले, पण इज्जत माह्या मटणाची हाय. हारून आले त याद ठेवजा."

तिबिलिसी म्हणजे नदीच्या दोन्ही काठांना चढत गेलेलं शहर. जुन्या घरांच्या लाकडी गॅलऱ्या रस्त्यावर एवढ्या पुढे येतात की खालून जाताना मी लोखंडवाल्याच्या नजरेने आधार शोधत होतो. टेकडीवर एका बाईचा भलामोठा धातूचा पुतळा आहे, एका हातात द्राक्षाच्या दारूचा वाडगा, दुसऱ्यात तलवार. आमच्या टोळीची दुभाषीबाई फार चांगली हिंदी बोलायची. तिने सांगितलं, वाडगा पाहुण्यासाठी, तलवार दुश्मनासाठी. कुसुम म्हणाली, "आपल्याकडे दोन्हीले एकच लाटणं पुरते."

तुम्ही जाणार असाल तर गंधकाच्या पाण्याची स्नानगृहं चुकवू नका. जमिनीतून विटांचे घुमट वर आलेले असतात आणि माणसं त्यांच्याखाली अंघोळ करतात. आमच्या टोळीने नाकाला रुमाल लावले. मला काही वाटलं नाही, प्लांटच्या कोक ओव्हनकडून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांकडून, वारा आला की आमच्याकडे असाच वास येतो. आत एक पैलवान खरखरीत पिशवी हाताला चढवून अंग घासतो. मी गंज काढायला पत्र्याला सॅंडपेपर मारतो तसा त्याने मला मारला. बाहेर आलो तर कुसुम म्हणाली, प्रायमर लावायचा राहिला.

बाजारात वाती लावलेल्या जाड मेणबत्त्या टांगल्या होत्या. त्या निघाल्या अक्रोडाच्या माळा, द्राक्षाच्या रसाच्या खिरीत बुडवून वाळवलेल्या. घ्या, प्रवासात टिकतात. चीज भरलेला गरम पराठा मिळतो, तो खाचापुरी. पोट भरतं आणि स्वस्त असतो. चटणी घरूनच न्या, पण कोटाजवळ ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी म्त्सखेता, त्यांची जुनी राजधानी. वेगवेगळ्या रंगाच्या दोन नद्या तिथे मिळतात. वर टेकडीवर एक देऊळ, म्हणजे चर्च, खाली एक मोठं देऊळ. मोठ्याच्या भिंतीवर एक दगडी हात कोरलाय, हातात काटकोन मापायचा गुण्या. काम एवढं चांगलं झालं की पुन्हा दुसरीकडे होऊ नये म्हणून कारागिराचा हात कापला, अशी दंतकथा आहे. मी दुभाषीबाईंना म्हणालो, आमच्याकडे काम चांगलं झालं तरी फक्त बिल कापतात.

तिसऱ्या दिवशी गिवी त्याच्या खडखडणाऱ्या मोटारीतून आम्हा दोघांना गावी घेऊन गेला. रस्ता उत्तरेला डोंगरात चढतो, सैन्याच्या जुन्या वाटेने. नदीच्या अंगाने किल्ला लागतो, मग वळणं, मग मेंढरांचे कळप. मेंढरं हटेपर्यंत मोटार थांबते आणि ती हटत नाहीत. उलटी होणाऱ्यांनी पुढे बसावं. मी मुद्दाम सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे मला भीती नव्हती.

गिवीच्या घरी अंगणात लांब टेबल मांडलं होतं आणि सगळं गाव बसलं होतं. मधोमध त्याचा मिशाळ काका, तो तमादा. तमादा म्हणजे पंगतीचा मुकादम. तो बोलल्याशिवाय कोणी पेला उचलायचा नाही. तो शांततेसाठी बोलला, पाहुण्यांसाठी बोलला, गेलेल्यांसाठी बोलला, आयांसाठी बोलला, आणि शेवटी माझ्या चपट्या सळ्यांसाठीही बोलला. गिवी त्याच्याजवळ बसून लांबूनच ओरडून मला हिंदी करून सांगत होता. कुसुमला त्याच्या आईने केव्हाच स्वयंपाकघरात ओढून नेलं होतं.

मग खिंकाली आल्या. हुबेहूब उकडीचे मोदक, पण आत मटणाचं सारण आणि गरम रस्सा. वरच्या शेंडीला धरायचं, उलटं करायचं, चावा घेऊन आधी रस्सा ओढायचा. चवीला फार सुंदर, फक्त तिखट कमी. मी सुरू झालो. मनात मोजत होतो. लांबून पाहिलं तर गिवी प्रत्येक खिंकालीची शेंडी ताटात टाकून राहिला होता. कणकेचा घट्ट गोळा असतो तो, जरा चिवट. मला वाटलं, झालं, बेट्याचं पोट भरलं, आता टाकून चाललाय. आपल्या घरी पानात टाकलेलं चालत नाही. मी शेंडीसकट प्रत्येक खिंकाली संपवली. पंचविसावीवर थांबलो. गिवी त्याआधीच थांबला होता आणि त्याच्या ताटात शेंड्यांचा ढीग पडला होता.

गिवीच्या पुतणीने फोटो काढला. काकाने उठून आमची दोन्ही ताटं नीट पाहिली, मिशीवर हात फिरवला, आणि भरलेलं शिंग माझ्या हातात दिलं. शिंग टेबलावर ठेवता येत नाही, आडवं होतं, म्हणून ते संपवावंच लागतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी जिंकलो होतो. जिंकणाऱ्याने मोठं मन दाखवावं असं मला वाटलं. मी उभा राहिलो आणि गिवीच्या आईच्या हातची, तिच्या चुलीची, तिच्या मेंढरांचीसुद्धा तारीफ केली. असं अन्न मी जन्मात खाल्लं नाही, हेही बोलून गेलो. अंगणात टाळ्या पडल्या. काकाने मला मिठी मारली. गिवीच्या डोळ्यांत पाणी होतं.

स्वयंपाकघराच्या दारात कुसुम उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. परतीच्या वाटेवर तिने विचारलं, "एवढी तारीफ कावून केली? हारले का?"

"जिंकलो. म्हणूनच केली. त्याच्या आईला वाईट नको वाटायला."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि वळणांवरही निवांत झोपली.

भिलाईत आलो. गिवीने फोटो पाठवला तो मी मढवून दुकानात लावला, गल्ल्याच्या वर. कपाट घ्यायला आलेल्याला आधी ही गोष्ट ऐकावी लागायची. जॉर्जियनाला त्याच्या अंगणात त्याच्याच पदार्थाने हरवलं, असं मी सांगायचो, आणि कुसुम डबा घेऊन आली असली की, "माह्या मटणाची सवय हाय त्याइले," असं जोडायची. दुर्गकडच्या बोरसीचे लोकसुद्धा ऐकायला येऊन गेले.

आषाढात प्लांटमधला दुसरा एक जॉर्जियन पाहुणा दुभाष्याला घेऊन सळ्या करायला आला. फोटो पाहून तो खुश झाला, जवळ गेला, आणि काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, बाकी सब तो खा चुके, आप भूखे क्यों बैठे हैं?"

मी म्हणालो, भूखे कसले, पंचवीस खाल्ल्या. पाहुण्याने मान हलवली. मग शांतपणे सांगितलं ते असं, की शेंडी खायची नसते. ती ताटात ठेवतात. शेवटी त्यांच्यात शेंड्याच मोजतात.

कुसुम डबा घेऊन नुकतीच आली होती. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे भर पंगतीत माह्या मटणाले हारवून आले," ती म्हणाली, "आन वरून भाषण देल्लं." डबा तिने पाहुण्याच्या हातात ठेवला आणि घरी गेली. त्या डब्यात मटण होतं. पाहुण्याने तिथेच बसून खाल्लं, रडत रडत.

त्यानंतर घरी तुरीची डाळ आणि भाजी. मी कितीदा समजावलं, पुरावा पोटात गेला म्हणून केस हरत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, कुठे जाऊन मटण शिजलं.

जॉर्जियाला जरूर जा. डोंगर बघा, स्नानगृहात अंग घासून घ्या, शिंग दिलं तर आधी चौकशी करा. फोटो अजून दुकानात आहे. गिवीच्या ताटातल्या शेंड्या मोजता येतात, एकोणीस आहेत. माझं ताट स्वच्छ आहे.