खालच्या वस्तीचा चर

पारूबाईच्या जिभेला हाड न्हवतंच, आन् त्याचा तिला तोराबी लई! वळसंगच्या पुढं तिची खालची वस्ती. कारभार वरच्या गावच्या पंचायतीत, तितं वस्तीचा एक माणूस न्हाय. नळ वर, पाणीपट्टी खाली! औंदा पट्टी वाढली, तवा भर बैठकीत हीच बोलली, "नळ न्हाय तर पट्टी कशाची? आमी तहानलो त्याची?"

समदे हसले. एक ऋतुजा न्हाय हसली. ही पारूबाईची लेक, दिलेली वरच्याच गावात, पहिलटकरीण. फोनवर म्हणाली, "आई, हितं तुझ्याच नावानं खडं फोडत्यात. गप की जरा!"

"तू बाळंतपणाला ये, मग झोका हलवत गप बसते!"

पण गप कोण बसतंय? पंचायतीनं वस्तीचे दाखले अडवले. वस्तीनं गावाचं दूध तोडलं. गावानं गिरणीवरनं वस्तीची दळणं माघारी धाडली. मग हाणामारीत वस्तीतल्या एकाचं डोकं फुटलं. पारूबाईचा धाकटा दीर बसू, टेम्पो चालवणारा, वहिनीपुढं मान वर न करणारा गडी, तोबी म्हणाया लागला, "आता पट्टीचं न्हाय, पंचायतच येगळी पायजे."

खंडोबापुढं बेल-भंडारा ठेवला. येगळी पंचायत मिळस्तोवर तिकडचं माणूस हितं न्हाय, हितलं तिकडं न्हाय. एकदा भंडारा उचलला की शब्द फिरत न्हाय. पैला हात कुणाचा? आमच्या बाईचा! हात पिवळा झाला आन् मग तिच्या ध्यानात आलं.

"बसू, ऋतुजा न्हाय ना रं ह्यात?"

बसूनं तिच्याकडं बघितलं न्हाय. "दिलेली लेक तिकडचीच की, वहिनी."

वरच्या गावाची सोलापूरची वाट वस्तीतनंच जाती. दुसऱ्या दिशी त्या वाटेवर आडवा चर खणला. अलीकडं वस्तीचे गडी बसले, पलीकडं गावाचे. पोरं घरात कोंडली. कुत्रीसुद्धा भुंकंनात.

तिसऱ्या दिशी दुपारी पलीकडं जीप थांबली. आत सोलापूरच्या दवाखान्याला निघालेली ऋतुजा, कळा सुरू झालेल्या. पारूबाईनं ओट्यावरनं बघितलं आन् तशीच धावली, चरात उतरली.

"वहिनी, भंडारा उचललाय!" बसू ओरडला.

"उचललाय की! खंडोबाचं मी बघते, तू टेम्पो काढ!"

दोन्हीकडचे उठून उभे राहिले. हरेकाच्या हातात दगड. पोट धरून ऋतुजा आईच्या खांद्यावर रेलत चरातनं वर आली, तवर एकबी दगड सुटला न्हाय. बसूनं हातातला दगड टाकला, वस्तीकडं पाठ फिरवून टेम्पो सुरू केला.

"फितूर!" मागनं कुणीतरी म्हणालं.

टेम्पो फाट्यापतुर गेला नसंल, तवर मागं कुणाच्यातरी घराच्या पत्र्यावर दगड पडला. मग आणिक एक. मग मोजता येईना इतके, आन् त्यात बायकांचा कालवा.

कळ दाबत ऋतुजानं ईचारलं, "आई, आमच्या घरावर पडत्यात का तुमच्या?"

पारूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मागं वळून मात्र बघितलं न्हाय.