न सुधारलेली चिठ्ठी

शहरातल्या कलामंडळात बोलायला आलेला प्रत्येक लेखक जाताना एक गोष्ट हमखास सांगून जायचा. "तुमच्याकडचा श्रोता फार जाणकार आहे हो. काय एकेक प्रश्न!" अध्यक्ष मान तुकवून ते कौतुक स्वतःच्या खात्यावर जमा करायचे आणि कार्यालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या चिठ्ठीताई खाली बघायच्या. श्रोता जाणकार वगैरे काही नव्हता. निम्मे लोक पंख्याखालची खुर्ची धरायला लवकर यायचे आणि उरलेले निम्मे चहाच्या वेळेला उगवायचे. जाणकार होत्या त्या चिठ्ठीताई, पण हे कोणाला माहीत नव्हतं.

मंडळाचा नियमच तसा होता. सभागृहात कोणी उभं राहून प्रश्न विचारायचा नाही. फार पूर्वी एका प्राध्यापकांनी उभं राहून एका कवीला प्रश्न विचारायला घेतला, तो वीस मिनिटं संपेना, तेव्हा कवीने उत्तराऐवजी खुर्ची उचलली. खुर्ची कोणाला लागली नाही, पण पुढच्याच बैठकीत ठराव झाला: प्रश्न चिठ्ठीवर, खाली सही नको, अध्यक्ष वाचून दाखवतील. मध्यंतरात चिठ्ठ्या गोळा करून लावायचं काम मंडळाच्या एकुलत्या एक पगारी नोकराकडे आलं. म्हणजे या ताईंकडे. कपाटाच्या किल्ल्या, सभासदांची यादी, नव्वद घडीच्या खुर्च्या आणि वर ही चिठ्ठ्यांची डोकेदुखी. तेव्हापासून त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात राहिलं आणि सगळं मंडळ त्यांना चिठ्ठीताई म्हणू लागलं.

पहिल्याच वर्षी त्यांना कळलं, की बिनसहीची चिठ्ठी हातात आली की सभ्य माणसालाही जोर चढतो. "हे पुस्तक एवढं कंटाळवाणं का?" "बायको घर चालवते म्हणून लिहायला फावतं का?" असल्या चिठ्ठ्या अध्यक्षांच्या हातात द्यायच्या म्हणजे पुन्हा खुर्च्या उडायच्या. मग चिठ्ठीताई कार्यालयात बसून त्या नव्याने लिहायच्या. 'कंटाळवाणं का' याचं व्हायचं, 'कथेची गती मुद्दाम संथ ठेवण्यामागे काय विचार होता?' लेखक खूश, अध्यक्ष खूश. ज्याने मूळ चिठ्ठी लिहिली त्यालाही वाटायचं, अरे, आपण बरंच बरं लिहिलं की! बावीस वर्षं त्यांनी शहरातल्या लोकांच्या जिभेचे काटे काढले. काटे काढायची अशी सवय लागली, की घरी-दारी कोणाचंही बोलणं कानावर पडलं, की त्यातलं टोचणारं गाळूनच त्या पुढे सांगायच्या.

यंदाच्या व्याख्यानमालेत पाहुणा लेखक होता त्यांचा धाकटा भाऊ.

धाकटा पाच तासांवरच्या शहरात प्राध्यापक होता. आठ महिन्यांपूर्वी त्याचं वडिलांवरचं पुस्तक आलं आणि बघता बघता गाजलं. वडील शिंपी होते. शेवटची दोन वर्षं त्यांची उजवी बाजू गेलेली, अंथरुणाला खिळलेले. पुस्तकात त्यांचा मुलगा त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवतो, पाठीला पावडर लावतो, गाळलेलं जेवण चमच्याने भरवतो, घास अडकला की कसं पालथं करायचं ते शिकतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं लिहिलं होतं, आणि खोटं त्यात काहीच नव्हतं. फक्त हे सगळं मुलाने केलं नव्हतं. चिठ्ठीताईंनी केलं होतं.

बाबा त्यांच्याच दोन खोल्यांत होते. सकाळी सगळं आवरून त्या मंडळात यायच्या, दुपारी धापा टाकत घरी, पुन्हा मंडळात. मधल्या वेळात शेजारीण डोकावायची. मंडळात त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "घरी जरा अडचण आहे." धाकटा दोन वर्षांत चार वेळा आला. पण दर रविवारी त्याचा फोन असायचा, तास तास. ताई त्याला सगळं सांगायच्या, कारण दुसरं सांगायला होतं कोण? तो फोनवर रडायचा. त्या इकडून त्याची समजूत काढायच्या. तो हे लिहून ठेवतोय, याची त्यांना कल्पना नव्हती.

पुस्तकात बहीण नव्हती. त्याचं दुःख त्यांना झालंच नाही असं कोण म्हणेल? पण तेही त्या गिळून बसल्या असत्या. लहान भावाने मोठ्या बहिणीचं उचलायचं, ही काही नवी गोष्ट नाही. लहानपणी रंगपेटी उचलली, मोठेपणी दोन वर्षं उचलली. त्यांना झोप लागू देत नव्हतं ते शेवटचं प्रकरण. शेवटच्या दुपारी बाबा मुलाचा हात घट्ट धरतात, "बरं झालं" म्हणतात आणि जातात. एका समीक्षकाने त्या 'बरं झालं'वर अख्खा लेख लिहिला: मृत्यूचा एवढा शांत स्वीकार वगैरे. ती दुपार ताईंची होती. तो हात त्यांचा होता. बाकीची दोन वर्षं घे रे, खुशाल घे, पण ती दुपार तरी मला ठेव, असं त्यांना आठ महिने म्हणायचं होतं, आणि फोनवर दर वेळी त्या म्हणत होत्या, "छान लिहिलंयस हो."

कार्यक्रम ठरला तेव्हा कार्यकारिणीतल्या एक बाई प्रेमाने म्हणाल्या, "तुमच्या भावाने काय केलं हो वडिलांचं! नाहीतर हल्ली कोण करतं? तुम्हीपण तेव्हा मदतीला होतात ना थोडंफार?"

"होते थोडंफार," चिठ्ठीताई म्हणाल्या आणि निमंत्रणांवर तिकिटं चिकटवायला लागल्या. त्यातली तीन उलटी चिकटली.

संध्याकाळी सहाला सभागृह गच्च भरलं. धाकटा बोलला मात्र सुरेख. त्याचा आवाज बाबांसारखा होता आणि तो ऐकताना ताईंना त्याचा रागही धड येईना. मध्यंतरात त्या चिठ्ठ्यांचा डबा फिरवून कार्यालयात आल्या आणि दार लावून एकेक चिठ्ठी उलगडू लागल्या. एकतीस चिठ्ठ्या. बहुतेक कौतुकाच्या. आणि मग ती निघाली.

अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. मोजणीखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. हातात पेन्सिल घेऊन पुस्तक वाचायचे. कुठलीही कादंबरी त्यांना शेतासारखी मोजावीशी वाटायची. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'पान ४८ वर वडिलांची उजवी बाजू संपूर्ण लुळी पडल्याचं म्हटलं आहे. पान १३१ वर ते त्याच उजव्या हाताने तुमचा हात घट्ट धरतात. हे कसं?'

ताईंना ही चूक पहिल्याच वाचनात दिसली होती. जो त्या खोलीत होता तो असं कधीच लिहिणार नाही. बाबांचा उजवा हात दोन वर्षं ओल्या कपड्यासारखा पडून होता. आंघोळ घालताना तो त्या स्वतः उचलून बाजूला ठेवायच्या.

काय करायचं ते बावीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला सुरुवातसुद्धा केली, 'वडिलांच्या हातांचं वर्णन पुस्तकात वारंवार येतं...' तिथे पेन थांबलं. भाऊ होता तो. नव्वद माणसांसमोर त्याचं तोंड पडलं तर? उद्या गावभर होईल. घरातलं धुणं आपल्याच हाताने चव्हाट्यावर आणायचं का? आणि नाही आणलं, तर बाबांचा हात कायमचा त्याचा झाला. कारण आज इथे दाबलं, तर ते पुन्हा कुठे विचारलं जाणार? बाहेर अध्यक्षांनी घंटी वाजवली. ताईंनी कोरा कागद चुरगळला आणि मोजणीवाल्यांची चिठ्ठी होती तशी गठ्ठ्यात घातली. वरून पाचवी.

अध्यक्षांनी ती वाचली, वाचता वाचता जरा अडखळले आणि लेखकाकडे बघून ओशाळं हसले. अशा चिठ्ठीची त्यांना सवय नव्हती.

धाकट्याने पेला उचलला. पाण्याचा घोट घेतला. ताई बाजूच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता म्हणेल. चूक झाली म्हणेल, निदान एवढं तरी म्हणेल.

"तुम्ही बरोबर पकडलंत," तो सावकाश म्हणाला. "डॉक्टरांनाही हे पटलं नव्हतं. पण ज्या हाताने माझ्या बाबांनी चाळीस वर्षं कात्री चालवली, तोच हात त्या दुपारी उठला. मी तो माझ्या हातात अनुभवलाय. कसं झालं, मला विचारू नका."

मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. मोजणीवाल्या गृहस्थांनीसुद्धा पेन्सिल खिशात ठेवून टाळ्या वाजवल्या.

"डावा होता," चिठ्ठीताई म्हणाल्या.

टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. टाळ्या थांबल्यावर त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "डावा हात होता. उजवा उठला नव्हता."

माना वळल्या. अध्यक्षांना दिव्यामुळे दाराकडचं नीट दिसत नव्हतं. त्यांनी हात डोळ्यांवर धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, कृपया. मंडळाचा नियम आहे."

"अहो साहेब, त्या चिठ्ठीताईच आहेत!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले, पण हसले. अध्यक्षही हसले आणि त्यांनी सहावी चिठ्ठी वाचायला घेतली. ताई कार्यालयात येऊन बसल्या. त्यांचे कान तापले होते.

पाऊण तासाने धाकटा आत आला. बाहेर पुस्तकांवर सह्या देऊन झाल्या होत्या. त्याने दार लोटून घेतलं.

"ताई, चारचौघांत असं करतात का? मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस."

"पुस्तक येऊन आठ महिने झाले."

"मग आठ महिन्यांत का नाही बोललीस? दर रविवारी तर बोलतो आपण! छान लिहिलंयस, छान लिहिलंयस, एवढंच म्हणत होतीस."

हे खरंच होतं. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि कपाळ चोळू लागला.

"उजवा लिहिला, कारण वाक्य चांगलं होत होतं," तो शेवटी म्हणाला. "कात्रीचा हात. आणि आता इतक्या ठिकाणी सांगून झालंय, की मला तो खरंच आठवतो, ताई. बाबांचा अंगठा, त्याच्यावरचा घट्टा. तू डावा म्हणालीस ना, तर मला वाटलं, तू माझ्याकडून काहीतरी काढून घेतेयस."

"मी?" ताई म्हणाल्या.

तो ओशाळला. मग एकदम कामाला लागल्यासारखं करत त्याने वही काढली. "दुसरी आवृत्ती निघतेय. सगळं दुरुस्त करतो. डावा हात. बहीण पण घालतो, हवं तर एक प्रकरण घालतो. आणखी काय चुकलंय सांग. ते 'बरं झालं' तरी बरोबर आहे ना? ते तूच सांगितलं होतंस."

"अर्धं सांगितलं होतं."

त्याने वर पाहिलं.

बाबा गेले त्या दुपारी तो चर्चासत्रात होता. संध्याकाळच्या गाडीने निघणार होता. ताईंनी फोन केला तेव्हा तो इतका रडला, की बोलता बोलता त्यांनी वाक्यातलं टोचणारं गाळून टाकलं. ज्या हाताने परक्यांच्या चिठ्ठ्या सुधारायच्या, त्याच हाताने त्यांनी बाबांचं शेवटचं वाक्य सुधारलं होतं. त्याच्यासाठी. आणि खरं सांगायचं तर थोडं स्वतःसाठीही, कारण ते वाक्य त्यांनाही सहन होत नव्हतं.

"मी त्यांना पाणी पाजत होते," ताई म्हणाल्या. "त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. डोळे मिटलेले होते. म्हणाले, धाकटा आला ना? बरं झालं."

धाकट्याचं पेन वहीवरच राहिलं.

"मग?"

"मी हो म्हटलं. आलाय म्हटलं."

बाहेर घडीच्या खुर्च्या मिटल्याचे आवाज येत होते. धाकटा रडत होता. एरवी अशा वेळी ताई उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवत आणि 'जाऊ दे रे, तू तरी काय करणार' म्हणत. आज त्या बसून राहिल्या. त्यांनाही रडू येत होतं, आणि ते त्यांनी येऊ दिलं.

"हे लिहू?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"लिही. पण त्या खोलीत दोन वर्षं कोण होतं, तिथपासून लिही."

"मग अख्खं पुस्तकच बदलावं लागेल, ताई."

"हो," त्या म्हणाल्या.

तो वाट बघत राहिला. ताई नेहमीसारखं 'जाऊ दे रे' म्हणतील, असं त्याला वाटत होतं.