नाला उलटा फिरला

बयनाबाईचं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. तामसी गावाच्या पल्याड, नाला पैनगंगेला मिळतो त्याच्या अलीकडं. वांगी-मिरची राखायला माणूस मळ्यातच लागतं, म्हणून ती, तिचा नवरा महिपत अन् सासू तिथंच राहायचे. भिंती तिनंच लिंपलेल्या. बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसनं आदिलाबादला जायची, अन् दुपारच्या आत टोपली रिकामी व्हायची.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात झड लागली ती सुटेचना. एका सकाळी मात्र पाऊस थांबला. बयनाबाई नाल्यावर भांडी घासायला बसली. पाण्यात पडलेली राख खाली नदीकडं जायची, ती हळूहळू वर मळ्याकडं सरकू लागली. पाण्याला आवाजच नव्हता. बेडकंसुद्धा गप्प होती. भांडी तिथंच टाकून ती पळाली.

"अवो, नाला उलटा वाहून राह्यला!"

महिपत मळ्याला पाणी ओढायच्या इंजिनापाशी होता. तो हसला. "येडी झाली का? पाऊस तं थांबला."

"इथं थांबला. नदी वरून भरून आली, ते पानी नाल्यात घुसून राह्यलं. बैलं सोडा."

"माह्या बापाच्या काळापासून इथं पानी आलं नाई. इंजिन तेवढं वर ओढतो."

घरात सासू सखूबाई खाटेवर पाय सोडून बसली होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. "बयना, जमीन ओली काऊन लागते व?"

बयनाबाईनं खाली पाहिलं. दारातून थेंबही आला नव्हता. पाणी सारवलेल्या जमिनीतूनच पाझरत होतं. तिनं म्हातारीला पाठीवर घेतलं, बैलांची दावी कापली अन् गावाकडचा चढ धरला.

वरून तिनं मागं पाहिलं. महिपत छातीइतक्या पाण्यात इंजिनाचा दोर ओढत होता.

"सोडा तो दोर!"

त्यानं मानही वर केली नाही. मग तिनं सासूला दगडावर बसवलं अन् ओरडली, "तुमी येत नसाल तं मीच खाली येते!" ती खरंच उतरू लागली, तेव्हा त्यानं दोर सोडला.

दोघं वर येतात तोच घराची भिंत खाली बसली. धाडकन पडली नाही. भिजलेल्या ढेकळासारखी बसली. छपराचे कवेलू पाण्यावर आपटले अन् बुडाले. सखूबाई विचारत होती, "कसला आवाज झाला?" बयनाबाईनं तिला पुन्हा पाठीवर घेतलं.

पाणी ओसरल्यावर वांग्याची झाडं उभीच होती, पण काळी पडलेली. हात लावला की साल बोटाला चिकटून यायची. इंजिन चिखलात सापडलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात महिपत तिथंच भिंती उभ्या करायला निघाला.

"मळा करू," बयनाबाई म्हणाली, "पण दिवस बुडाला की मी तिथं थांबणार नाई."

शेवटी त्यांनी गावातच चढावर दोन खोल्या बांधल्या. राखण नाही म्हटल्यावर रानडुकरांनी अर्धा मळा उकरला. महिपत चरफडत घरी आला.

"खाऊ द्या त्याईले," ती म्हणाली, अन् भाकरी थापत राहिली.