पदराचं सूत

भगवंत सुतार जळका माणूस होता. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण मी त्याचा शेजारी. आमच्या दोघांच्या खोलीत एकच तट्ट्याची भिंत होती आणि तट्ट्याच्या भिंतीला वेगळे कान लागत नाहीत. तेव्हा जे सांगतो ते ऐकलेलं आणि पाहिलेलं सांगतो.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, सदुसष्टच्या आसपासची गोष्ट. घिवली गावाच्या अलीकडे आम्हा कामगारांची वस्ती होती. कोणी सातारचा, कोणी जालन्याचा. भगवंत मिरजेकडचा. तरुणपणी तो मिरजेत एका तंबोरे बनवणाऱ्याच्या हाताखाली होता. तिथे पोट भरेना म्हणून इथे सेंट्रिंगच्या कामावर सुतार झाला. येताना एक ट्रंक, बायको राहीबाई आणि स्वतःच्या हाताने केलेला तंबोरा एवढं घेऊन आला. तंबोरा त्याने मांडीवर धरून आणला होता. ट्रंक राहीबाईच्या डोक्यावर होती.

राहीबाई गायची. शिकलेली नव्हती, पण आवाज असा की भजनाला बसलेला माणूस तंबाखू मळायचा थांबे. रविवारी दुपारी आम्ही जमायचो. मी मृदंगावर, भगवंत तंबोऱ्यावर. सुरू करण्याआधी राहीबाई पदराच्या डाव्या टोकाचा एक धागा ओढायची, दाताने तोडायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, सुताचा असा बारीक तुकडा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. सूत कुठलंही चालतं, पण भगवंताला राहीच्या पदराचंच लागे. तिच्या प्रत्येक लुगड्याचं डावं टोक उसवलेलं असायचं आणि बायका त्यावरून तिला चिडवायच्या. भगवंत मात्र येईल त्याला छाती पुढे काढून सांगायचा, "राही माझ्या तंबोऱ्याबिगर गात न्हाई." त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

मग देवूची गिटार आली. देवू घिवलीचा, मच्छीमाराचा मुलगा. एका अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करायचा. साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा खूश होऊन आपली गिटार देवूला देऊन गेला. चार-दोन गती त्याने शिकवल्याही होत्या. पण एक पावसाळा ती गिटार देवूच्या घरात, खाऱ्या हवेत लटकून राहिली. तिचं पोट फुगलं, घोडी वर उचलली गेली आणि तारा दांडीपासून इतक्या लांब गेल्या की खालून सुका बोंबील आरपार जावा. तार दाबायला जोर करावा लागे. अर्धं गाणं झालं की देवूची बोटं चिरायची आणि तो हात झटकत थांबायचा.

पण त्या अर्ध्या गाण्यानेही वस्ती येडी झाली. रविवारी दुपारी लोक देवूच्या ओट्याकडे वळू लागले. भगवंताच्या दारात मी, माझा मृदंग आणि एक बहिरा वॉचमन. भगवंत म्हणायचा, "नवं हाय तवर बघतील." पण चेहरा सांगत होता की पोटात दुखतंय.

एका संध्याकाळी भाकरी थापताना राहीबाई नकळत गिटारवरची चाल गुणगुणली. भगवंताने पिठल्यात मीठ जास्त झालंय म्हणून ताट सारलं. राहीबाई म्हणाली की मीठ तर घालायचंच राहिलंय. तो तसाच उठून बाहेर जाऊन बसला.

पुढे गणपती आले. मंडळातल्या पोरांनी ठरवलं की या वेळी राहीवहिनींची गौळण गिटारवर करायची. तंबोरा नको, तो दरवर्षीचाच. राहीबाईने सरळ उत्तर दिलं: देवूला अख्खी गौळण वाजवता आली तर गाईन. भगवंताच्या जिवात जीव आला. तसल्या तारांवर अख्खी गौळण वाजणं शक्य नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

आणि दुसऱ्या दिवशी देवू गिटार घेऊन त्याच्याच दारात उभा.

"दादा, बोटा फाटली माजी," तो म्हणाला. "तारा खाली बसवून दे ना. तुज्याबिगर हितं कोनाला जमनार नाय."

सगळ्या ओळीतली माणसं ऐकत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. भगवंताने गिटार घेतली, डोळ्याजवळ धरून दांडी निरखली, दांडीवरच्या पहिल्या आडव्या पडद्यापाशी तार दाबून पाहिली. हात वाद्याला लागला की तो वेगळाच माणूस व्हायचा. तारा सैल केल्या, घोडीच्या खाचेतलं, तारा टेकतात ते हाड काढलं, त्यावर पेन्सिलची रेघ मारली. सपाट फळीवर काचकागद ठेवून हाड घासू लागला. मी दारात बसून बघत होतो. रेघेपर्यंत घासून तो थांबला. हाड उजेडात धरलं. इथे काम संपलं होतं. मग त्याने आत चुलीपाशी बसलेल्या राहीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा घासू लागला. रेघ पुसली गेली तरी घासत राहिला.

तारा चढवून त्याने हळूच छेडून दाखवल्या. देवूला बोट ठेवताच कळलं की तार लोण्यासारखी दबते. तो खुशीत गेला. रात्र व्हायच्या आत परत आला, तोंड उतरलेलं. जोरात वाजवलं की जाड तारा पडद्यांवर आपटत होत्या, खर्र खर्र. भगवंताने तोंड भरून हळहळ दाखवली. म्हणाला परदेशी लाकूड, आपली हवा मानवत नाही. आणि हाड एकदा घासलं ते घासलं, वाढवता कसं येणार? देवूला पटलं. भगवंताचं त्याला खोटं वाटणार तरी का?

कार्यक्रमाच्या दिवशी आरती झाली आणि देवू मांडवात बसला, त्याच्या बाजूला राहीबाई. भगवंत माझ्या शेजारी. तंबोरा सोबत आणला होता, कापडी गवसणी काढून, सुरात जुळवून. पोरं फजीत झाली की आपल्याला बोलावतील, हा हिशेब मला स्पष्ट दिसत होता. देवूने सुरुवात केली आणि खरखर सुरू झाली. पुढे बसलेली पोरं खिदळली. कोणीतरी म्हणालं, डबा बडवतोय. भगवंताने घसा साफ केला आणि तंबोरा उभा धरला.

राहीबाई वाकली. तिने गिटारची घोडी न्याहाळली, एका बोटाने जाड तार उचलून पाहिली. मग तिचा हात हिरव्या लुगड्याच्या पदराकडे, डाव्या टोकाकडे गेला.

तिने धागा ओढला, दाताने तोडला आणि जाड तारेखाली हाडावर सरकवला. दुसरा काढला, तो शेजारच्या तारेखाली. सुताने तार उचलली जाऊन जाऊन किती जाणार, पण खरखरीला तेवढंच पुरलं. "आता वाजव," ती देवूला म्हणाली. त्याने वाजवलं आणि तार गुंजली. अमेरिकेची गिटार मिरजेचं बोलायला लागली. राहीबाईने डोळे मिटले आणि गौळण उचलली.

काय गायली. मी आजवर तसं ऐकलेलं नाही, खोटं कशाला बोलू. देवूची बोटं न थांबता शेवटच्या कडव्यापर्यंत गेली. घिवलीच्या म्हाताऱ्या कोळणी टाळ्यांनी ठेका धरून बसल्या होत्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, अशी भगवंताची गत. लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते की दादा, गिटारीला काय आवाज दिलात. तो मान हलवत होता. एका हाताने त्याने तंबोऱ्याच्या सगळ्या तारा मुठीत आवळून धरल्या होत्या, चुकूनही वाजू नयेत म्हणून.

घरी आल्यावर भिंतीपलीकडे तंबोरा कोपऱ्यात टेकवल्याचं ऐकू आलं. मग भगवंताचा आवाज आला.

"त्याला सूत का दिलंस?"

"तुमी जास्त घासलंत म्हनून."

"कोन म्हनतं?"

"कोन कशाला म्हनाया पायजे. इतकी वर्सं तुमच्या घोडीपाशी कान लावून बसलेय मी."

मला वाटलं आता माफी मागेल, रडेल. कसला मागतोय. थोड्या वेळाने म्हणाला, "ते सूत माझ्या तंबोऱ्याचं व्हतं." आणि राहीबाई एवढंच म्हणाली, "मग सूत लागनार न्हाई असं करून द्यायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी भगवंताने खाडा केला. तो कधी खाडा करणारा नव्हे. बोईसरला जाऊन खाटकाकडून बैलाची नळी आणली, उकळली, वाळवली, कापली. ते हाड त्याने असं घडवलं की बारीक तारेकडे किंचित उतरतं, जाड तारेकडे किंचित चढतं, आणि घोडीच्या खाचेत बोटाने दाबलं की बसतं. मग स्वतः देवूच्या घरी गेला. जुनं हाड काढलं, नवं बसवलं, तारा लावल्या आणि पूर्ण जोराने छेडल्या. खरखर नाही. दाबायला मऊ. सूत नाही आणि सुताची गरजही नाही. देवू त्याच्या पाया पडला. भगवंताने पाय मागे घेतले, पण आधी सुताचे ते दोन तुकडे चिमटीने उचलून खिशात टाकले.

वस्तीत बोलबाला झाला की मन असावं तर भगवंतासारखं. स्वतःचा तंबोरा बाजूला ठेवून दुसऱ्याच्या वाद्यासाठी रोजावर पाणी सोडलं. मी मिशीत हसत होतो.

देवू पुढे वाणगाव, मुरबे, पार डहाणूपर्यंत वाजवायला गेला. हवा बदलली, गिटारचं पोट फुगलं किंवा बसलं, की तो भगवंताकडे यायचा. राहीबाई चहाला आत वळेपर्यंत भगवंत अर्धं काम उरकायचा. किती मन लावून करायचा. हाडाखाली लाकडाची पातळ चकती घाल, एखाद्या तारेपुरतं घास, पुन्हा ऐक. तार जराही कुरकुरली तर राहीचा हात पदराकडे जाईल, ही धास्ती त्याला शेवटपर्यंत होती. डहाणूपर्यंत तसं सुरेल वाद्य नव्हतं, आणि ते सगळं जळण्यातून झालेलं.

भगवंत गेला तेव्हा देवू ढसाढसा रडला. असा दिलदार माणूस पुन्हा होणार नाही म्हणाला. राहीबाईने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. तंबोरा कोपऱ्यात उभा होता. घोडीवर तारांखाली दोन जुने धागे होते, वस्तीच्या त्या गणपतीतल्या हिरव्या लुगड्याचे. नवे धागे दर रविवारी मिळत असताना ते दोन त्याने कधी बदलले नव्हते.