दोन प्लग आणि आईचं माहेर

आमच्या घरी होडी कधीच नव्हती. होडीचं इंजिन मात्र होतं.

ते आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नव्वदच्या दशकात एका भंगाराच्या लिलावातून आणलं. परदेशी बनावटीचं, वयानं आप्पांहून मोठं, खाली पंखा आणि डोक्यावर दोरी गुंडाळून ओढायची चकती. मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात ते पोत्यावर ऐसपैस बसलेलं असायचं. पाहुणे आधी त्याची चौकशी करायचे, मग आमची.

कारण मात्र आईचं होतं. तिचं माहेर धरणाच्या पाण्यापलीकडं. एसटीनं डोंगराला वळसा घालून जाण्यात अख्खा दिवस मोडायचा, आणि होडीनं जायचं तर वल्हवताना मामाचा जीव निघायचा. त्यामुळं आईची भाऊबीज दरवर्षी हुकायची.

"औंदा तुला पाण्यावरनं मोटारीनं न्हेतो," आप्पांनी शब्द दिला.

दुसऱ्याच दिवशी आईनं मामासाठी टॉवेल-टोपी आणून ठेवली, आणि आमची धावपळ सुरू झाली. कारण इंजिनाला ठिणगी देणारे दोन प्लग लागायचे आणि आमच्याकडं एकही नव्हता!

मी तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो (दुसऱ्यांदा), त्यामुळं घरातला इंजिनिअर मीच. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

"कुठल्या गाडीचा प्लग?"

"गाडीचा न्हवं, होडीचा."

दुकानदारानं मला खालून वर न्याहाळलं. "पावणं, रंकाळा तळ्यातनं मुंबईला निघालाय व्हय?"

मोपेडचा झाला, फटफटीचा झाला, शेजाऱ्यांच्या जीपचा तर न विचारता काढून पाहिला. सगळे त्या भोकात नुसते खुळखुळायचे. अशा मापाचे प्लग बनायचेच बंद झाले होते. पण आमच्या कोल्हापुरात 'मिळत नाही' याचा अर्थ 'करून घ्या' असाच होतो. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या शामरावांनी भोकात बोट घालून निकाल दिला.

"प्लग कशाला हुडकत बसताय? भोकात पितळंचा बुश, म्हंजे कडं, घालतो, त्यात फटफटीचा प्लग आवळा. बसत न्हाय म्हंजे काय!"

"तापणार न्हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, इंजिन पाण्यात चालणार हाय. पाण्यात काय तापतंय?" मी ठणकावून सांगितलं. शामरावांनाही पटलं. त्याच उत्साहात मी पेट्रोलची गळकी चावी उघडी ठेवूनच झाळून कायमची पक्की केली.

भाऊबीजेला मामानं आदल्या दिवशीच पाठवलेली होडी अलीकडच्या काठाला लागलेली होती आणि मामा पलीकडं नवा सदरा घालून उभा होता. मी होडीला इंजिन जोडलं आणि वल्ही मुद्दाम काठावर ठेवली. मोटार असताना वल्ही? लोक काय म्हणतील! आम्ही तिघं होडीत बसलो आणि मी दोरीला हिसडा मारला. इंजिन खोकलं, निळा धूर ओकलं आणि चक्क सुरू झालं! आईनं वाऱ्यानं उडणारा पदर दातात धरला. तिला इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

"कसं वाटतंय?" आप्पा ओरडले.

"लई झ्याक!" आई पदर सोडून ओरडली.

माहेरचा काठ जवळ आला. मी बंद करायचं बटण दाबलं. इंजिन चालूच. प्लगच्या वायरी उपटल्या (खांद्यापर्यंत झिणझिण्या!). तरी चालूच! पितळी बुश एवढे तापले होते, की इंजिनाला आता ठिणगीची गरजच उरली नव्हती. त्याला ब्रेक नाही, न्यूट्रल नाही, आणि पेट्रोलची चावी तर एका इंजिनिअरनं झाळलेली. मामाला उडवायला नको म्हणून मी होडी वळवली.

"ताई, उतर की!" मामा ओरडला.

"आरं, थांबंना की हे!"

पुन्हा वळसा घातला. काठावर गाव जमलं. "मोटारीची हौस फिटंना जणू!" कुणीतरी म्हणालं. आई मात्र भाऊबीज हुकवायला तयार नव्हती. तिनं पिशवीतनं तबक काढलं आणि ओरडली, "बाबू, तितंच उभा ऱ्हा, हलू नगंस!" अर्धं ओवाळणं त्या फेरीत झालं, उरलेलं पुढच्या. टॉवेल तिनं नेम धरून काठावर फेकला. टोपी धरणाला अर्पण झाली.

शेवटी पेट्रोल संपलं, तेही भर पाण्यात. आमची वल्ही अलीकडं, आम्ही मधे. मग मामा दुसऱ्या होडीनं आला आणि आम्हाला, आमच्या होडीला आणि इंजिनाला ओढत घेऊन गेला. त्याचा जीव कधी नव्हे इतका निघाला. आप्पा पोट धरधरून हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. आप्पा आता नाहीत. ते हसणं पुन्हा एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी आजही खुशाल त्या वायरीला हात लावीन.

पुढं तिकडं पूल झाला, मी नवीकोरी मोटार घेतली आणि भाऊबीजेला मोठ्या ऐटीत आईसाठी दार उघडलं. आई पिशवी घेऊन रस्त्यातच उभी.

"बस की आई. एका हाकंत चालू हुतीया!"

"तुझं चालू केल्यालं बघितलंय मी," आई म्हणाली. "आदी बंद करून दाव, मग बसतो."

दर भाऊबीजेला, अख्ख्या पेठेसमोर, मी गाडी बंद करून दाखवतो.